अडतीस की पंचेचाळीस

टॅलमन काउंटीत गेली एकतीस वर्षं व्हर्लिन उनरूच्या सहीशिवाय रस्त्यावर एक खडा पडलेला नव्हता. कुठल्या रस्त्याला चुनखडीची खडी, कुठल्या रस्त्याला गारगोटीची, आणि कुठे नुसताच देवावर भरवसा, हे सगळं त्याच्या हिरव्या रजिस्टरात लिहिलेलं असे. अशा माणसाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी खडीवर चालवायच्या सायकलला कोणता टायर लावावा हे कळेना, तेव्हा मार्लो क्रीक गावाला जो आनंद झाला तो आजवर कुठल्याही पुलाच्या उद्घाटनाला झालेला नव्हता.

दर वर्षी मेच्या शेवटच्या शनिवारी आमच्या गावातून ‘नव्वदी’ निघते. नव्वद मैलांची सायकलची शर्यत, सगळी कच्च्या खडीची, कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांतून. पहिल्याला बक्षीस नाही. शेवटच्याला मात्र टाळ्या असतात. सत्तराव्या मैलावर एकतीस नंबरची शाळा लागते. तिथे मुलं येईनाशी होऊन साठ वर्षं झाली, पण घंटा शाबूत आहे. बायकांचं मंडळ तिथे स्वारांना चिली, म्हणजे राजमा आणि खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल वाढतं आणि एकेक स्वार फाटकातून आत आला की नॅडीन स्कोफिल्ड दोर ओढून घंटा वाजवते, त्याचं नाव आणि गाव मोठ्यांदा पुकारते. चारला शाळा बंद. मोटारीने आलेल्याला चिली मिळतं, रोल मिळतो, घंटा मिळत नाही.

व्हर्लिनला ती घंटा हवी होती. खरं सांगायचं तर त्याला नॅडीन हवी होती, पण एकसष्टाव्या वर्षी माणूस मागणं जरा आखडतं घेतो.

प्रकरण तसं जुनं. चाळीस वर्षांपूर्वी, पशुमेळ्याच्या दिवशी, नॅडीन त्याला म्हणाली होती, “तीनला शाळेच्या पायरीवर ये.” तो निघालाही. वाटेत गारगोटीने पिकअपचा टायर कापला. जादा टायर काढून बघितला तर तोही बसलेला. व्हर्लिन पायरीवर पोचला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पायरीवर कुणी नव्हतं. पुढल्या वर्षी तिने रॉय स्कोफिल्डशी लग्न केलं. रॉय चांगला माणूस होता, ही व्हर्लिनची कायमची तक्रार. त्याला जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. व्हर्लिनने लग्न केलं नाही, त्याऐवजी रस्ते खात्यात नोकरी धरली.

आमच्याकडे कच्च्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतात. ओळख असो नसो. चाळीस वर्षं त्या दोघांत जे काय होतं ते त्या एका बोटावर तगून होतं. २०११च्या ऑक्टोबरात एकदा तिने दोन बोटं उचलली. व्हर्लिनने पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिला. मग शेजारच्या ड्वेन पेन्नरने माहिती पुरवली की त्या आठवड्यात कोंबड्यांच्या जाळीने कापल्यामुळे नॅडीनची दोन बोटं एकत्र बांधलेली होती. ड्वेनशी तो वर्षभर बोलला नाही.

आणि मार्चमध्ये बातमी आली. नॅडीनने शेत विकलं. नव्वदी झाली की सोमवारी ती लेकीकडे टल्साला कायमची राहायला जाणार. व्हर्लिनने त्याच संध्याकाळी लिलावातली एक जुनी निळी सायकल घरी आणली.

नव्वदीला नाव घालायचं तर पोस्टकार्डच पाठवावं लागतं. दुसरं काही चालत नाही. व्हर्लिन पडला सरकारी माणूस. त्याने अर्ज तीन प्रतींत टंकला, काउंटीच्या लिफाफ्यात घातला आणि पोचपावती मागितली. लिफाफा परत आला. त्यावर लिहिलं होतं, “व्हर्लिन, पोस्टकार्ड.” गावात पोस्टकार्ड एकाच चित्राचं मिळतं, ते म्हणजे काउंटी कचेरीचं. त्यात डावीकडून तिसरी खिडकी व्हर्लिनची. म्हणजे स्वतःच्याच खिडकीच्या पाठीमागे त्याने लिहिलं, “मला यायचं आहे.” कारण म्हणून बराच विचार करून “व्यायाम” असं घातलं.

इथवर ठीक होतं. मग टायर आला.

जुन्या बँकेच्या इमारतीत मार्सी ब्रुंकचं सायकलचं दुकान आहे. मार्सी नव्वदी अकरा वेळा पुरी केलेली बाई. तिने सायकलचा जुना टायर दोन बोटांत धरून बघितला आणि मेलेला उंदीर टाकावा तसा टाकला.

“पंचेचाळीस,” ती म्हणाली.

“काय पंचेचाळीस?”

“मिलिमीटर. रुंदी. इथली गारगोटी म्हणजे सुरी आहे बाबा. पंचेचाळीस लाव, हवा कमी ठेव, मऊ चाल.”

“आणि अडतीस लावला तर?”

“तर भर्रकन जाशील.”

“मग झालं की!”

“भोक पडेपर्यंत,” मार्सी म्हणाली.

व्हर्लिनने खिशातून कागद काढला. त्याने हिशेब करून आणला होता. पंचेचाळीसवर त्याच्या पायांना शाळेत पोचायला सव्वाचार वाजणार होते. अडतीसवर साडेतीन. मधल्या पाऊण तासात एक घंटा वाजायची किंवा न वाजायची होती. हे मार्सीला सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, “विचार करून सांगतो,” आणि विचार करायला बाहेर पडला, ही त्याची चूक. कारण आमच्या गावात माणसाला एकट्याने विचार करू देत नाहीत.

ड्वेन कुंपणावर रेलून म्हणाला, “टायर कसला बघतोस? ट्रॅक्टरला आम्ही पाणी भरतो टायरमध्ये. जड झाला की पकडतो.”

“सायकलच्या टायरमध्ये पाणी?”

“हिवाळ्यात गोठू नये म्हणून थोडा बिटाचा रसही घाल.”

हे ड्वेन थट्टेने म्हणत होता की मनापासून, हे चाळीस वर्षं शेजारी राहूनही व्हर्लिनला ओळखता येत नसे. न्हाव्याने चाळीस सांगितला. पाळकबुवांनी आधी “मध्यममार्ग बरा” असं सांगितलं, मग आवाज खाली आणून बेचाळीस म्हणाले. टपाल कचेरीतल्या बाईने सायकल कधी चालवली नव्हती, पण टायर काळा नको, तपकिरी कडांचा घे, शोभून दिसतो, असं सांगितलं. हा एकच सल्ला व्हर्लिनने ताबडतोब मानला.

शेवटी तो हिरव्या रजिस्टराकडे वळला. एकतीस वर्षांच्या नोकरीचा उपयोग काय तो आज व्हायचा होता. रजिस्टर सांगत होतं की शाळेच्या रस्त्यावर नऊ वर्षांत नवी खडी पडलेली नाही. म्हणजे तो रस्ता दबून दबून स्वयंपाकघराच्या फरशीसारखा झालेला असणार. मोटारवाला नव्या खडीला चांगला रस्ता म्हणतो, सायकलवाला जुन्या खडीला. ही विद्या त्याला आता कळली होती. जुनी खडी, दबलेला रस्ता, अडतीसचा टायर, साडेतीनची घंटा. सगळं जुळत होतं.

त्याने अडतीस घेतले. मार्सीने टायर, आतून भोकं बुजवणारा पांढरा चीक, मोठ्या भोकात खुपसायच्या रबराच्या दोन वाती आणि हातभर लांबीचा पंप पुढे ठेवला.

“पंपाला दोन तोंडं आहेत,” ती म्हणाली. “हे सायकलचं. हे मोटारीचं, ते काही तुला लागायचं नाही.”

या टायरांना ट्यूब नसते. आत चीक ओतायचा आणि एकदम जोराची हवा मारायची, मग टायर चाकाला ठप्प करून बसतो. व्हर्लिनने घरी हातपंपाने दोन संध्याकाळी प्रयत्न केला. टायर बसला नाही, कंबर बसली. जोराची हवा गावात एकाच ठिकाणी होती, रस्ते खात्याच्या कचेरीमागच्या कॉम्प्रेसरमध्ये. त्यावर पाटी होती, “खासगी वापरास सक्त मनाई. आज्ञेवरून, व्ही. उनरू.” जेवणाच्या सुट्टीत, सगळे गेल्यावर, व्ही. उनरू आपल्याच पाटीकडे पाठ करून उभा राहिला, नळी खिडकीतून आपल्या खोलीत ठेवलेल्या चाकापर्यंत घेतली आणि चावी फिरवली. तो कॉम्प्रेसर खडी सपाट करणाऱ्या यंत्राच्या पुरुषभर उंचीच्या चाकांसाठी होता. सायकलच्या तपकिरी कडांचा त्याला मुलाहिजा नव्हता.

आवाज कचेरीच्या तिन्ही मजल्यांवर ऐकू गेला. शेरीफ पिस्तूल काढून आला. त्याला दिसलं ते असं, की रस्ते खात्याचा प्रमुख जमिनीवर बसलेला आहे, आणि तो, त्याचं टेबल आणि भिंतीवरचा काउंटीचा नकाशा पांढऱ्या शिंतोड्यांनी भरला आहे.

“लागलं का रे?” शेरीफने विचारलं.

“फक्त मानाला,” व्हर्लिन म्हणाला.

नियमाप्रमाणे अपघाताचा अहवाल लिहावा लागला. घटना घडवणारा, व्ही. उनरू. चौकशी करणारा, व्ही. उनरू. शिफारस अशी की संबंधितास समज द्यावी. त्याने स्वतःला समज दिली आणि फाइल केली. मग नकाशा पुसला. पण तो चीक भोकं बुजवायलाच केलेला, वाळला की रबर होतो. शाळेच्या रस्त्यावर चार मैल लांबीची एक पांढरी रेघ राहून गेली आणि व्हर्लिनच्या चष्म्यावरही तोच चीक असल्यामुळे ती त्याला दिसली नाही.

आता आमच्या काउंटीत त्या नकाशावर पांढऱ्या रेघेचा अर्थ एकच. या मोसमात इथे नवी खडी.

खडीयंत्र चालवणारा हार्लन बावीस वर्षं त्या नकाशावर विसंबून आहे. व्हर्लिन तोंडाने काय सांगतो ते तो ऐकत नाही, नकाशा बघतो. त्याने रेघेवरून कामाची चिठ्ठी लिहिली आणि गुरुवारच्या गठ्ठ्यात ठेवली. दर गुरुवारी व्हर्लिन चाळीस चिठ्ठ्यांवर सह्या करतो. त्या गुरुवारी त्याच्या मांडीवर कोणत्या वजनाच्या माणसाने टायरमध्ये किती हवा ठेवावी याचा तक्ता उघडा होता. एक डोळा तक्त्यावर, एक हात गठ्ठ्यावर. चाळीस सह्या झाल्या.

नव्वदीच्या सकाळी सातला तो मार्सीकडून बसवून घेतलेल्या टायरांवर निघाला. आणि काय सांगावं, अडतीस खरोखर धावले. दक्षिणेचा वारा पाठीशी, दोन्ही बाजूंना हिरवं गवत, मधे वासरं. लहानपणी ज्या रस्त्यावर तो अनवाणी चालला आणि पुढे ज्याची नुसती कागदावर देखभाल केली, तो रस्ता आज चाकांखालून कुरकुरत बोलत होता. त्याला वाटलं, आपण फार वर्षं आत बसलो. मनाशी तो एकच गोष्ट घोळवत होता, फाटकातून आत जाताना काय चेहरा ठेवायचा. हसायचं की सहज आल्यासारखं दाखवायचं. दर मैलाला तो निराळा चेहरा ठरवत होता. चौसष्टाव्या मैलावर घड्याळात अडीचही वाजले नव्हते. अजून सहा मैल. तो हिशेबाच्याही पुढे होता.

पासष्टाव्या मैलावर तो शाळेच्या रस्त्याला वळला आणि तिथे खडी होती. नवी, पांढरी, वीतभर जाड, कालच टाकलेली. एकेक खडा सुरीच्या पात्यासारखा ताजा. रस्त्याच्या तोंडाशी फलक होता, “काम चालू. तक्रारीसाठी व्ही. उनरू,” आणि खाली फोन नंबर.

फलकापुढे पाच-सहा स्वार सायकली उलट्या करून बसले होते.

“कोण गाढव आहे हो या काउंटीत?” त्यातला एक ओरडला. “स्पर्धेच्या आदल्या दिवशी खडी?”

“असेल कुणीतरी,” व्हर्लिन म्हणाला आणि खाली मान घालून पुढे निघाला. तोच त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. मागे बघितलं तर ओरडणारा कानाला फोन लावून उभा होता. व्हर्लिनने वाजू दिला. तो पुढल्या मैलभर वाजत होता.

पहिलं भोक शंभर हातांवर पडलं. चीक फुरफुरला, बुजलं. दुसऱ्याला एक वात गेली. तिसऱ्याला दुसरी वात. चौथं भोक नव्हतंच, चीरच होती. चिरेला आपल्याकडे काही नाही हे व्हर्लिनला रस्त्याकडेला पाऊण तास गुडघ्यांवर बसल्यावर पटलं. तेवढ्यात मार्सी गेली. थांबली नाही. वळूनही बघितलं नाही. नुसतं म्हणाली, “पंचेचाळीस!”

तो सायकल ढकलत चालू लागला. चार वाजले तेव्हा शाळा अजून अडीच मैल होती. घंटा शेवटची वाजली असेल ती ऐकू येते का म्हणून तो जरा थांबला. वारा उलट होता. काही ऐकू आलं नाही. त्याला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांपूर्वी वाटलं होतं तेवढंच, आणि तेही याच रस्त्यावर.

मागून हार्लनचा पिकअप आला.

“बस,” हार्लन म्हणाला. “सोडतो शाळेपर्यंत.”

“ही खडी कुणी टाकली रे?”

“मी टाकली. नकाशावर पांढरं होतं.”

“आणि मला विचारायचं नाही?”

“तुझी सही होती की.”

व्हर्लिनने सायकल पुन्हा ढकलायला घेतली.

“बस ना बाबा,” हार्लन पुन्हा म्हणाला. “पाय बघ तुझे. चार वाजून गेले. घंटा काय आता वाजायची नाही.”

“मोटारीने आलेल्याला तशीही वाजत नाही,” व्हर्लिन म्हणाला. हार्लनने एक बोट उचललं आणि तो गेला.

व्हर्लिन फाटकाशी पोचला तेव्हा पावणेसहा झाले होते. टेबलं मिटून भिंतीला लावलेली. बायका गेलेल्या. आवारात एकच मोटार होती, नॅडीनची, मागच्या डाव्या चाकावर बसलेली. आणि पायरीवर नॅडीन.

इतक्या मैलांत ठरवलेले सगळे चेहरे तो विसरला. ती उठली, आत गेली, आणि घंटा वाजली. एकदा नाही, चांगली सहा-सात वेळा. मग ती दारात आली आणि समोरच्या रिकाम्या माळाला मोठ्यांदा म्हणाली, “व्हर्लिन उनरू! मार्लो क्रीक!”

कुंपणापलीकडच्या गाईंनी माना वर केल्या. व्हर्लिनला रडू आलं, आणि ते घाम पुसल्यासारखं करून त्याने कसंबसं निभावलं.

“बस,” ती म्हणाली. “चिली गार झालंय. रोल आहे.”

तो पायरीवर बसला. रोल खाल्ला.

“तू गेली नाहीस,” तो म्हणाला.

“जाते कशी? चाक बसलंय. बायका म्हणाल्या, आमच्या गाडीतून चल. म्हटलं, गाडी इथे टाकून कशी येऊ? कुणीतरी येईलच मागून.”

त्याचीच खडी. त्याच्याच सहीने. “माझी चूक आहे ती,” तो म्हणाला.

“माहितेय. फलकावर नाव आहे तुझं.” मग ती म्हणाली, “त्या मेळ्याच्या दिवशीही मी थांबले होते.”

“मी आलो होतो,” तो घाईघाईने म्हणाला. “टायर फाटला होता, नॅडीन. सहा वीसला आलो.”

“मी सहापर्यंत बसले होते.”

चाळीस वर्षं त्याची समजूत होती की ती तीन वाजून पाच मिनिटांनी उठून गेली. वीस मिनिटं. एवढ्याने चुकलं होतं. त्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो उठून चाकाकडे गेला.

आता टायर या विषयात त्याचं शिक्षण ताजं होतं. त्याने भांडी घासायचं साबणाचं पाणी आणलं आणि सगळ्या टायरला चोळलं. भोक असलं की बुडबुडा येतो. बुडबुडा आला नाही. हाताने चाचपलं. चीर नाही, खडा रुतलेला नाही. मग त्याने हवेच्या नळीकडे बघितलं. नळीवरचं छोटं काळं टोपण नव्हतं. त्याने मान वर केली. टोपण पायरीवर होतं, तिच्या बशीत, चमच्याशेजारी.

“सापडलं भोक?” नॅडीनने विचारलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“शोधतोय,” व्हर्लिन म्हणाला.

त्याने पंप काढला. मोटारीचं तोंड लावलं आणि हवा भरू लागला. सायकलच्या पंपाने मोटारीचं चाक भरायला पाऊण तास लागतो. त्याने तो सगळा घेतला, वर थोडा आणखीही घेतला, कारण चाक उभं राहिलं की ती जाणार होती, आणि सोमवारी तर टल्सालाच जाणार होती. एकेक झटक्याला चाक केसभर वर येत होतं आणि व्हर्लिनचं मन तेवढंच खाली जात होतं. ऊन माळावर लांब पडलं. नॅडीनने व्हर्लिनची बशी धुतली, ॲप्रन सोडून घडी घातली, चाव्या हातात घेतल्या.

“झालं?” ती म्हणाली.

व्हर्लिनने अंगठ्याने टायर दाबून बघितला. टणक होता. इतका चांगला भरलेला टायर त्याच्या हातून आजवर झाला नव्हता.

“एकदा बघतो,” तो म्हणाला, खाली बसला आणि नखाने नळीतली टाचणी दाबून धरली.

फुस्स करून हवा निघाली. बराच वेळ निघत होती. दोघांनाही ती स्पष्ट ऐकू येत होती. चाक पूर्ण बसलं तेव्हा तो उठला.

“काय झालं?” नॅडीनने विचारलं.

“भोक असणार कुठेतरी,” व्हर्लिन म्हणाला.

“असणारच,” ती म्हणाली. “खडी नवी आहे.” तिने चाव्या बशीतल्या टोपणाशेजारी ठेवल्या आणि चिली गरम करायला आत गेली.